रत्नाचा होकार

खोडदचे पाहुणे दुपारी यायचे होते आणि रत्ना सकाळपासून भांडत होती. आधी दारातला शेवगा कुणी तोडला यावरून झालं. मग देव्हारा उगवतीच्या भिंतीवरून मावळतीच्या भिंतीवर कसा गेला यावरून. आता ती तोंडाला मास्क लावून ओट्यापाशी उभी होती आणि पाटा-वरवंटा माळ्यावर कुणी टाकला, हे तिला आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं.

"ताई, तुमीच म्हणला व्हता," आरती म्हणाली. धाकटी जाऊ म्हणून ती एरवी उलट बोलत नसे, पण आज नाइलाज होता. "मी इचारलं, टाकू का वर. तुमी म्हणला, टाक."

"कवा?"

आरती कांदा चिरत राहिली. कधी, ते दोघींनाही कळलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी पुण्यात रत्नाच्या पोटात नवऱ्याची, भरतची किडनी बसवली. त्याआधी दोन वर्षं दिवसाआड नारायणगावची वारी होती, डायलिसिसला. मशीनवरून सुटून घरी आली की रत्ना पडवीतल्या खाटेवर पडायची. रक्तदाब उतरलेला, अंगात त्राण नाही, आणि डोक्यात नुसता पिंजलेला कापूस. बोलताना शब्द सापडायचा नाही. "ते आण गं, ज्यानं भाकरी उलटतात ते," म्हणायची. गॅसवर दूध ठेवलंय हे करपल्याचा वास आल्यावर आठवायचं. आणि काहीही विचारलं की मान हलवायची. हो. चालंल. करा.

वाईट मनाने कुणी काही केलं नाही. पण घराला हळूहळू सवय लागली. दिराला ट्रॅक्टरची शेड बांधायची होती, शेवगा आड येत होता. त्याने खाटेपाशी जाऊन विचारलं, मान हलली. सासूबाईंना, बयाबाईंना, देव्हारा हलवायचा होता, मान हलली. आरतीने स्वतः पाटा वर टाकला. आणि एका गुरुवारी आरतीच्याच माहेरच्या गल्लीतला अमृत आईला घेऊन रत्नाच्या लेकीला, श्रेयाला बघायला आला, तेव्हाही मान हलली. त्या रात्री भरतने विचारलं, "पोरगा कसा वाटला?" रत्ना म्हणाली, "चांगला हाय." झालं, होकार धरला.

मग ऑपरेशन आलं आणि सगळं पुढं ढकललं गेलं. आज सुपारी फोडायची होती.

"आरती," रत्ना म्हणाली, "मला त्या पोराचा चेहरासुदिक आठवत न्हाई गं."

आरतीच्या हातातली सुरी थांबली. "आज बघालच की, ताई," ती म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली.

भरतला या भांडणांचा त्रास नव्हता. "माझीच किडनी पोटात घालून माझ्याशीच भांडती," असं तो मळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, आणि ऐकवताना त्याला हसू दाबता यायचं नाही. दोन वर्षं त्याने गप्प रत्ना बघितली होती. त्यापेक्षा हे बरं.

ऑपरेशनच्या आधी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पाच शब्द सांगितले होते आणि थोड्या वेळाने परत विचारले होते. एकच आठवला. घड्याळ काढायला दिलं तर सगळे आकडे एका अंगाला गोळा झाले. भरत बाहेर जाऊन जिन्यात बसला होता. मागच्या महिन्यात तीच परीक्षा पुन्हा झाली. पाचही शब्द सांगितले रत्नाने, आणि गाडीत बसल्यावर आळेफाट्यापर्यंत घोकत आली: चादर, लोणी, शिक्षक, रेल्वे, पेरू.

"मागलं बी आठवंल का हिला?" भरतने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"रक्त साफ झालं तसं डोकं साफ होतंय," बाई म्हणाल्या होत्या. "सगळ्यांचं सारखं होत नाही, यांचं छान होतंय. पण त्या दिवसांत जे मनात उतरलंच नाही, ते परत कुठून येणार? पुढचं राहील."

पुढचं राहील, एवढंच भरतने गाठीला बांधलं होतं.

पाहुणे वेळेवर आले. गोजरबाई बोलकी बाई होती; नवरा गेल्यावर मुलाला तिनेच वाढवलं. अमृत खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर तंत्रज्ञ होता, उंच, जरा वाकून चालणारा. तो आल्या आल्या हात धुऊन, खिशातला मास्क लावून मगच पडवीत चढला. रत्नाने ते बघितलं. तिने त्याला नीट न्याहाळलं, पहिल्यांदा बघावं तसं. तिच्यापुरतं ते पहिल्यांदाच होतं.

चहा झाला. बयाबाईंनी ताटात हळदकुंकू, नारळ, सुपारी मांडली. भरतचे चुलते सावळेराम नाना तेवढे यायचे राहिले होते. घरात वडीलधारे तेच, त्यांच्यावाचून सुपारी फोडता येत नव्हती. ते ओतूरच्या बाजारातून आले ते पिशवी न ठेवताच उभे राहिले.

"भरत, सुपारी ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "ह्या पोराचा आधी एक साखरपुडा झालेला हाय. मोडलेला. मला बाजारात दुसऱ्याकडून कळावं का हे?"

भरतने गोजरबाईंकडे बघितलं.

"झालता," गोजरबाई म्हणाल्या. "कोन लपवतंय? अख्ख्या खोडदला ठावं हाय. आमाला वाटलं, तुमास्नीबी ठावं हाय."

"आमास्नी कोन सांगणार?"

"मी सांगितलं होतं," अमृत म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. "पहिल्या दिवशीच. काकूंना."

सगळे रत्नाकडे वळले. भरतही वळला, आणि वळताक्षणी त्याला वाटलं, हिच्याकडे बघायला नको होतं.

रत्नाने शोधलं. डोळे मिटून तिने तो गुरुवार शोधला. खाट होती. दंडावरची पट्टी होती, हातातली झिणझिण होती. कुणीतरी स्टूल ओढल्याचा आवाज होता, पण तो त्याच दिवसाचा की दुसऱ्या, ते सांगता येईना. पुढं काही नाही.

"मला आठवत न्हाई," ती म्हणाली.

नानांनी पिशवी खाली ठेवली. "संपलं मग."

"नाना, मला माहीत होतं," आतल्या दारातून श्रेया म्हणाली. "मला अमृतने सांगितलं होतं. आईला सांगितलंय म्हणाला, म्हणून मी काही बोलले नाही."

"तुला कवा भेटला त्यो?" भरतने विचारलं.

"फोनवर."

"फोनवर?"

"आठ महिने झाले, पप्पा. एवढ्यात लोक काय करतात?"

गोजरबाई पदराआड हसल्या. नानांना हसू आलं नाही. "म्हंजी पोरीला गोड बोलून झालं आन् थोरांना काईच न्हाई. आरती, तुझं म्हायेर त्याच गल्लीत. तुला ठावं व्हतं का न्हाई?"

आरती म्हणाली, "व्हतं, नाना."

आता भरत उठून उभा राहिला. "तुला ठावं व्हतं आन् तू गप बसली, आरती?"

"अमृत म्हणला, काकूंना सांगितलंय. मग मी कशाला तोंड घालू, भावजी? ताईंना समदं चालतंय असं मला वाटलं." ती थांबली. "खरं सांगायचं तर मी बी परत इचारलं न्हाई. होकार आलता, मला बरं वाटलं व्हतं."

ती डोळे पुसत आत गेली. मागोमाग रत्नाही गेली.

स्वयंपाकघरात आरती पुरणाच्या पातेल्यापाशी उभी होती. "ताई, एक शब्द बोला ना," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणा, हो, सांगितलं व्हतं. त्यो खोटं बोलणारा पोरगा न्हाई. मी त्याला लहान असल्यापासनं बघती. तुमी हो म्हणला की मिटलं."

रत्नाला मोह झाला. एकच तर शब्द होता, आणि पोरगा तिला आवडला होता. हात धुऊन वर आलेला, कान लाल झालेला.

"दोन वरीस मी हो म्हणत व्हते, आरती," ती म्हणाली. "मला ठावं नसताना हो म्हणत व्हते. आता डोकं जाग्यावर आल्यावर पयली गोष्ट तीच करू?"

"मग मोडायचं?"

"मी कुठं म्हणलं मोडायचं?"

बाहेर नानांचा आवाज चढला होता. ते बयाबाईंना समजावत होते आणि बयाबाई मान डोलवत होत्या. थोरल्या भावजयीने नानांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे घरात पहिल्यापासून होतं. "तिला काय इचारता, वहिनी," नाना म्हणत होते. "तवा तिचं डोकं ठिकाण्यावर व्हतं का? तिला सांगितलं काय आन् न्हाई सांगितलं काय. भिताडाला सांगितल्यासारखं."

रत्ना दारात येऊन उभी राहिली. "नाना," ती म्हणाली, "डोकं ठिकाण्यावर नव्हतं ना माझं?"

नानांचा आवाज जरा खाली आला. "तसं न्हवं, पोरी. आजारी व्हतीस तू."

"व्हते. डोकं नव्हतं, खरं हाय. मग होकार कुणाचा धरला तुमी?"

नानांनी खाली ठेवलेली पिशवी उगाच पायाने सरकवली.

"मला सांगितलेलं मोजायचं न्हाई, आन् मी म्हणलेलं मोजायचं, असं कसं चालंल? मोजायचं तर दोन्ही मोजा. सोडायचं तर दोन्ही सोडा."

बयाबाईंनी ताटातली सुपारी उचलली आणि परत ठेवली. त्यांना देव्हारा आठवला असावा. सकाळी रत्ना विचारत होती तेव्हा त्या पाणी आणायचं निमित्त करून उठून गेल्या होत्या. "भावजी, रत्नाचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आमी तिला खाटेवर गाठून समदं इचारून घेतलं. मीबी घेतलं. तुमीबी घेतलं, तुमच्या बांधाच्या पाइपलाइनचं."

"कुठल्या पाइपलाइनचं?" भरतने विचारलं.

"ते मागनं बघू," नाना म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

"मला या पोराशी बोलायचंय," रत्ना म्हणाली. "एकटीला. अमृत, चल मागं."

कांद्याच्या चाळीमागे सावली होती. रत्ना उलट्या घातलेल्या क्रेटवर बसली, अमृत उभा राहिला.

"मला खरंच आठवत न्हाई," ती म्हणाली. "खोटं हो म्हणायचं न्हाई मला. पण तू खोटा असशील असंबी वाटत न्हाई. तवा काय झालं, समदं सांग. का मोडला साखरपुडा?"

"तेही सांगितलं होतं, काकू."

"परत सांग. आता राहील."

अमृतने चाळीच्या जाळीत बोटं अडकवली. "तिचं दुसरीकडे मन होतं. तिने मला सरळ सांगितलं. घरी सांगायची तिला भीती वाटत होती. म्हणून मीच म्हणालो, मला करायचं नाही. शिव्या खाल्ल्या थोड्या दिवस. आईला अजून खरं कारण माहीत नाही."

"आन् मला सांगितलं? आईला न्हाई ते?"

"तुम्ही डोळे मिटून पडला होता. बाकी सगळे विहिरीवर मोटार बघायला गेले होते. गप्प बसवेना, आणि लपवून पुढं जायचं नव्हतं. वाटलं, तुम्हाला झोप लागलीये. पण तुम्ही मधेच डोळे उघडले आणि हसलात."

"हसले?"

"म्हणालात, मीपण एकाला घालवलंय." तो घुटमळला. "सांगू का पुढचं? तुम्ही म्हणाला होता, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही."

रत्ना क्रेटवर पुढं सरकली. "सांग."

"मढला, तुमच्या माहेरी, काकांच्या आधी एक स्थळ आलं होतं. पाहुणे आले आणि तुम्ही मागच्या दाराने पळून भाताच्या पेंढ्याच्या उडवीवर चढून बसलात. तुमच्या आईने सांगितलं, ताप आलाय. पाहुणे पार उन्हं उतरेपर्यंत बसले. आणि तुम्हाला वरून शिंक आली, ती खाली उभ्या तुमच्या आईलाच तेवढी ऐकू गेली."

रत्नाने पदर तोंडाशी धरला. आईला आणि तिला, दोघींनाच माहीत होतं ते, आणि आई जाऊन पाच पावसाळे झाले होते. वर बसलेली ती, खालून हळूच दटावणारी आई, नाकात गेलेलं पेंढ्याचं कुसळ. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आणि एका गुरुवारी, ज्या दिवशी तिला उलथन्याचं नावसुद्धा आठवलं नसतं, तिने ते या पोराला बारीकसारीक सांगितलं होतं. शिंकेसकट.

तिला हसू आवरेना. मग डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. त्या दोन वर्षांत आपण कुठंच नव्हतो असं तिला वाटायचं. नुसती मान होती, हलणारी. पण नाही. कुणीतरी समोर येऊन बसलं, खरं बोललं, आणि आतून ती बाहेर आली होती.

"काकू? त्रास होतोय का?"

"न्हाई रे बाबा." ती क्रेटवरून उठली. "तुझ्या आईला मी सांगणार न्हाई. तूबी माझं कुणाला सांगू नको."

"नाही सांगणार."

ती पडवीत आली तेव्हा सगळे आपापल्या जागी तसेच बसले होते. श्रेया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आरती तिच्या मागे.

"त्यानं सांगितलं व्हतं," रत्ना म्हणाली.

"आठवलं?" भरतने विचारलं.

"न्हाई. आठवणार बी न्हाई. पण सांगितलं व्हतं."

"कशावरनं?" नानांनी विचारलं.

"माझ्यावरनं, नाना. मी त्याला जे बोलले ते त्यानं मला सांगितलं, आन् ते माझ्याशिवाय कुणाला ठावंच न्हाई. ते काय, ते मी सांगणार न्हाई. माझ्या शब्दावर भरोसा असंल तर ठेवा. आता डोकं ठिकाण्यावर हाय माझं. पायजे तर पाच शब्द घाला."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते अडेल होते, पण आडमुठे नव्हते. भरतच्या किडनीच्या वेळी, तीन दिवस पुण्याच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलेला हाच माणूस होता. "तुझ्या शब्दाला मी न्हाई कशाला म्हणू," ते म्हणाले. "अमृत, बाजारातल्या बोलण्यावर उठलो मी. मनात ठेवू नको."

"नाही, नाना."

"मग धरायचा ना होकार?" गोजरबाई पुढे सरकल्या. "आमाला उजेड हाय तवर निघायचंय. परवाच शिवेच्या उसात बिबट्या दिसलाय."

"मागचा होकार सोडला आपण," रत्ना म्हणाली. "नव्यानं इचारा."

गोजरबाईंनी पदर सावरला, बसल्या जागी जरा ताठ झाल्या आणि अगदी रीतसर म्हणाल्या, "रत्नाबाई, तुमची श्रेया आमच्या अमृतला द्याल का?"

"मला मागनं. आधी तिला इचारा."

श्रेयाने चौकट सोडली. आठ महिने तिने हे मनात किती वेळा म्हटलं होतं. पण आईने हो म्हटलंय, एवढ्यावर सगळं चाललं होतं, आणि खरं तर तिला ते सोयीचं वाटत होतं. पसंत आहे, हे मोठ्यांसमोर तोंडाने म्हणावं लागलं नव्हतं. आता नाना बघत होते, आजी बघत होती, पप्पा उगाच छताकडे बघत होते.

"मला पसंत आहे," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "पसंत आहे. पण लग्न माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर. आणि नंतर मी नोकरी करणार."

"चालेल," अमृत म्हणाला.

"तुला कोन इचारतंय?" गोजरबाई म्हणाल्या. "चालंल, पोरी. मलाबी चालंल."

"आता मला इचारा," रत्ना म्हणाली.

"इचारलंय की मगाशी."

"मग माझा होकार हाय. आरती, आण ते पुरण बाहेर. तुझ्या म्हायेरची माणसं उपाशी बसलीत."

आरतीने पातेलं उचललं. रत्नाच्या शेजारून जाताना ती थांबली, काही बोलायला गेली. रत्नाने तिच्या हातातलं पातेलं एका बाजूने धरलं. दोघींनी मिळून ते बाहेर आणलं. नानांनी सुपारी फोडली, एका घावात.

उन्हं कलली तेव्हा भरत आणि रत्ना पाहुण्यांना रस्त्यापर्यंत घालवायला गेले. मोटारसायकल ओतूरच्या दिशेला वळली, गोजरबाईंचा हात लांबपर्यंत हलत राहिला. दोघं परत निघाले. भरत रत्नाच्या चालीने चालत होता. ऑपरेशनपासून दोघांचीही चाल सारखीच झाली होती.

"काय सांगितलं त्यानं तुला मागं?" त्याने विचारलं.

"सांगू?"

"सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे."

रत्ना थोडं चालली. बांधावरच्या गवताला हात लावत. पोरगा कुणाला सांगणार नव्हता. पण गोष्ट तिची होती, आणि ती कुणाला सांगायची हे ठरवायला आता ती होती.

"तुमच्या आधी मला एक स्थळ आलतं," ती म्हणाली. "मढला. मी पेंढ्याच्या उडवीवर चढून बसले. ते जाईस्तोवर उतरले न्हाई."

भरत थांबला. सव्वीस वर्षं त्याला वाटत होतं, रत्नाने पाहिलेला पहिला माणूस तोच. त्याने खाली बघितलं, मग तिच्याकडे.

"आन् मी आलो तवा का न्हाई बसलीस जाऊन?"

"पाऊस पडून गेलता," रत्ना म्हणाली. "उडवी वली व्हती."

भरत एवढा हसला की त्याला कुशीवरच्या टाक्यांपाशी हात धरावा लागला. रत्नानेही आपल्या पोटावर हात ठेवला होता. दोघं तसेच, आपापली कूस धरून, बांधाच्या कडेला हसत उभे राहिले, आणि मळ्यातून बयाबाई हाका मारत होत्या, उजेड हाय तवर घरी या म्हणून.